कानावर पडलेलं आणि ऐकलेलं

'नव्वदच्या दशकातली गाणी' म्हटलं की आता एक ठरलेली यादी समोर येते. 'आशिकी', 'साजन', 'दीवाना', 'राजा हिंदुस्तानी'. नदीम-श्रवण, अलका याज्ञिक, उदित नारायण आणि अर्थातच कुमार सानू. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं सानूला फिल्मफेअर मिळालं, त्यामुळे त्याच्याबद्दल वाद घालायलाही फारशी जागा उरत नाही. ट्रॅव्हल्सच्या गाडीत, ढाब्यावर, लग्नाच्या आदल्या रात्री हीच यादी थोड्याफार फरकाने वाजते आणि चाळिशी ओलांडलेली माणसं मान डोलावत म्हणतात, हा आमचा काळ. मला ही गाणी आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. माझी अडचण गाण्यांशी नाही, 'आमचा' या शब्दाशी आहे. एखाद्या दशकाचा आवाज कोणत्या गाण्यांत सापडतो हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो. मला तो हळूहळू साक्षीचा प्रश्न वाटू लागला आहे, आणि साक्ष म्हटली की खरं-खोटं आलंच.

मी उदगीरचा आहे. इथे आवाज कधी एकाच बाजूने येत नाही. १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होतं, १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, मग उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. जिल्हे बदलले तरी बाजार तोच राहिला. मराठी, दखनी उर्दू, कन्नड आणि देगलूरकडून येणारी थोडी तेलुगू, सगळं एकाच दुकानाच्या फळीवर बोललं जायचं. रेडिओची सुई फिरवली की औरंगाबाद-परभणी, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे हैदराबाद, गुलबर्गा. बीदरकडे जाणाऱ्या जीपमध्ये हंसलेखाने संगीत दिलेली कन्नड गाणी वाजायची. १९८७च्या 'प्रेमलोक'पासून या माणसाने कन्नड सिनेमाचा आवाज बदलून टाकला होता, हे मला फार नंतर कळलं. गाणी मात्र तेव्हाच पाठ होती, अर्थासकट नाही, नुसत्या उच्चारांसकट.

ही गाणी पोचवली ती कॅसेटने. गुलशन कुमार यांनी १९८३ साली टी-सीरीज काढली आणि एचएमव्हीच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त कॅसेटी पानटपरीवर, किराणा दुकानात ठेवल्या. त्याही परवडत नसत त्यांच्यासाठी कॅसेट भरून देणारी दुकानं होती. साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, कागदाच्या चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची, आणि दोन-तीन दिवसांनी न्यायला जायचं. दुकानदार डबल डेकवर एकामागून एक गाणी चढवायचा. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे सहा गाणी; सातवं मध्येच तुटायचं. काही गाणी मला आजही तुटतात तिथपर्यंतच आठवतात.

त्या दशकाचा आवाज म्हणताना मला आधी हेच आठवतं, गाणं नंतर. झंकार बीट्स नावाचा प्रकार होता. मूळ गाण्यावर वरून ढोलकी आणि घुमारा चढवलेला. काळीपिवळीच्या मागच्या बाकावर बसलं की तो छातीत वाजायचा. टेपचे सेल उतरले की सानूचा आवाज जड व्हायचा, मग खर्जात जायचा आणि थांबायचा. आणि शिवाय 'व्हर्जन' गाणी. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाल्यावर, नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून नव्याने मुद्रित करता येई. टी-सीरीजने या कलमाचा पुरेपूर वापर केला. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी रफीची साठीतली गाणी पहिल्यांदा ऐकली ती नव्वदीत, सोनू निगमच्या आवाजात. मग ते गाणं कोणत्या दशकाचं? लिहिलं गेलं त्या, की कानावर पडलं त्या?

हा प्रश्न मी नुसता गंमत म्हणून विचारत नाही. गाण्याला दशक चिकटतं कधी? विकायला ठेवलं की. कॅसेटच्या वेष्टनावर वर्ष असतं, सिनेमाला प्रदर्शनाची तारीख असते. यादी करायची सवयही आपल्याला एका टूथपेस्टने लावली. १९५२च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, कारण त्या वर्षांत आकाशवाणीने फिल्मी गाण्यांना दूर ठेवलं होतं. कोणतं गाणं कितव्या पायदानावर, हे ठरायचं रेकॉर्डच्या दुकानातल्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पत्रांवरून. म्हणजे ज्याच्याकडे रेकॉर्ड घ्यायला पैसे होते आणि ज्याला पत्र लिहिता येत होतं, त्याचा कान मोजला गेला. सयानींच्या त्या आवाजाबद्दल मला अतोनात प्रेम आहे. पण मोजणी कशी झाली हे त्यामुळे बदलत नाही.

याच्या उलट जात्यावरची ओवी. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या कामातलं काही ध्वनिमुद्रण १९९६ साली मराठवाड्यात, माजलगावच्या भीमनगरात झालं. म्हणजे 'राजा हिंदुस्तानी'च्या वर्षीच. कुठल्याही 'नाइन्टीज'च्या यादीत ओवी असणं शक्य नाही आणि त्यात कुणाचा दुष्टपणाही नाही. ओवीला तारीखच नसते. आजीची आईला येते, आईची मावशीला, गिरणी येते आणि जातं थांबतं, ओवी मात्र तोंडात राहते. पण त्याच माजलगावच्या ओव्यांत भीमराव येतात, आणि भीमराव आले की तारीख येते. विशिष्ट वर्षांनंतरच ती ओवी सुचू शकते. इतिहास ज्याला आपला वाटला त्याने तो ओवीतही आणला, हे मला फार मोठं वाटतं. असो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या दहावीच्या १९९६च्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला तेव्हा व्हॉट्सॲपवर गाण्यांची यादी सुरू झाली. प्रत्येकाने दोन गाणी सुचवायची. यादी तीस-चाळीस गाण्यांपर्यंत गेली. हिंदी सिनेमाची बहुतेक, मग लक्ष्मीकांत-अशोकच्या सिनेमांतली मराठी, आनंद शिंद्यांचं पोपटाचं गाणं (त्यावर हसण्याच्या बाहुल्या पडल्या), आणि एका मैत्रिणीने घातलेलं प्रल्हाद शिंद्यांचं पंढरीच्या वाटेचं गाणं. त्यावर हात जोडल्याच्या बाहुल्या पडल्या. मग एका मित्राने एक भीमगीत सुचवलं. तेही प्रल्हाद शिंद्यांचंच.

थोडा वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग एकाने अगदी गोड भाषेत लिहिलं, "दोस्ता, जाती-धर्माची गाणी नको घेऊ. सगळ्यांची होती तीच घेऊ." दुसऱ्याने लिहिलं, "आपल्याला ती माहीतच नाहीत ना रे, नाचणार कोण?" मित्राने एवढंच विचारलं, "ती वाजत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?" यावर उत्तर आलं नाही. कुणीतरी जेवणाच्या पैशांचा विषय काढला आणि गाडी पुढे गेली. मेळाव्याला तो आला, जेवला, फोटोतही आहे. यादीबद्दल पुन्हा बोलला नाही.

त्याचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला, कारण तो प्रतिनिधित्वाचा प्रश्नच नाही. 'आमचंही एक गाणं घ्या' असं तो म्हणाला नाही. घ्या म्हटलं असतं तर प्रकरण सोपं होतं. चांगल्या मनाची माणसं लगेच घेतातही; एक हे, एक ते, सगळ्या समाजांचं एकेक, मंत्रिमंडळासारखं. त्याने विचारलं ते आमच्याच आठवणीबद्दल. आमच्या गावात १४ एप्रिलची मिरवणूक दर वर्षी निघत होती. जीपवर आहुजाचे भोंगे बांधलेले असत. तो आवाज वस्तीपुरता राहणं शक्यच नव्हतं. चौबाऱ्यापासून किल्ल्याच्या वाटेपर्यंत सगळ्यांच्या घरात तो शिरत होता. १९९४च्या जयंतीला तर विशेषच, कारण त्याच वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आलं होतं. १९७८च्या जुलैमध्ये विधिमंडळाने ठराव केला, त्यावर मराठवाड्यात घरं जाळली गेली, माणसं मेली, आणि नाव यायला सोळा वर्षं लागली. त्या वर्षीचा भोंगा ऐकू आला नाही असं उदगीरचा कोणताही माणूस म्हणू शकत नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोरं होतो आम्ही. डोळ्यासमोर सगळं होतं, कानातही होतं.

डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. मराठीने मात्र 'कानाडोळा' असा शब्द करून दोन्ही एकत्र बांधलेत आणि त्यात शहाणपण आहे. कानाने डोळ्यासारखं मिटायला शिकावं लागतं. हे शिक्षण कुणी बसवून देत नाही. मिरवणूक जवळ आली की आमच्या आळीत खिडक्या ओढून घेतल्या जायच्या, कुठे टीव्हीचा आवाज वाढायचा. वाईट शब्द कुणी काढत नसे. 'त्यांचं आहे आज,' एवढंच. या 'त्यांचं'मध्ये सगळं येतं. कानावर पडलेलं गाणं ऐकलेल्या गाण्यांत जमा होत नाही, ते हवेत राहतं, पावसाच्या आवाजासारखं. पंचवीस वर्षांनी कुणी विचारलं तर माणूस प्रामाणिकपणे सांगतो, मला ती गाणी माहीत नाहीत. तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच तर हे प्रकरण अवघड आहे.

प्रल्हाद शिंदे हे या बाबतीत आमच्यापुढे ठेवलेलं कोडंच आहे. हा एकच गळा. पहाटे देवळाच्या भोंग्यावर विठ्ठलाची गाणी गाणारा, संध्याकाळी वस्तीत भीमगीतं गाणारा, आणि कव्वालीही तितक्याच ताकदीने म्हणणारा. पहाटेचा आवाज ज्या घरांनी भक्तीने ऐकला, त्याच घरांनी संध्याकाळचा तोच आवाज ऐकलाच नाही. सूर ओळखू येत होता, माणूस ओळखू आला नाही. म्हणजे 'धर्माची गाणी नकोत' हे यादीतलं कारणही खरं नव्हतं. पंढरीचं गाणं यादीत बसलं होतंच. २००४ साली, अवघ्या महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने, वामनदादा कर्डक गेले आणि प्रल्हाद शिंदे गेले. आमच्याकडे दुसऱ्या बातमीवर हळहळ झाली. पहिली बातमी बऱ्याच जणांना बातमीच वाटली नाही.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही मला वजनदार वाटतात. पहिला असा, की कानावर पडलं तेवढ्याने ते माझं कसं? उद्या डीजेच्या भिंतीच दशकाचा आवाज ठरतील, ज्याचा स्पीकर मोठा त्याचं दशक. रात्री दहानंतर भोंगा बंद असा नियम २००० साली करावा लागला तो उगाच नाही. मान्य. लादलेला आवाज आवडावा अशी सक्ती कुणावर नसते. 'माझी आवडती गाणी' अशी यादी असेल तर मी कुणालाही काही विचारणार नाही. तिथे कानाची मर्जी चालते. पण 'त्या काळाचा आवाज' असं शीर्षक दिलं की आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतो. साक्षीदाराला आवड विचारत नाहीत. काय ऐकलं ते विचारतात. आणि डीजेची भिंत हा या काळाचा आवाज आहेच, कितीही नको वाटला तरी. पुढच्या पिढीने आपल्या यादीतून तो गाळला तर ती आपल्या झोपेबद्दल खोटं लिहील.

दुसरा आक्षेप मला अधिक अडवतो. समजा आम्ही ते भीमगीत यादीत घेतलं असतं. 'आशिकी' आणि पोपटाच्या मध्ये ते वाजलं असतं, दोघं-चौघं नाचले असते, कुणीतरी म्हणालं असतं, काय दिवस होते ते. हे त्या गाण्याला बरं झालं असतं का? वामनदादांची गाणी करमणुकीसाठी जन्मली नव्हती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत एक विचार पोचवायचं ते काम होतं. स्मरणरंजनाला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे तो काळ संपलेला असणं. संपलेल्या प्रेमाची, संपलेल्या शाळेची गाणी गोड लागतात. ज्या गाण्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही ते तसं गोड होत नाही. कदाचित म्हणूनच तो गट अडखळला असेल. जातीचा राग होता म्हणून नव्हे (होताच नाही असंही म्हणणार नाही), तर त्या गाण्याने 'काय दिवस होते' हे वाक्य म्हणता आलं नसतं म्हणून. यादीत घेणं हा न्याय आणि गाळणं हा अन्याय, इतकं सरळ हे नाही. घेऊन गिळून टाकणंही असतं.

मग काय करायचं? माझं मत असं, की यादी लहान ठेवावी आणि तिचं नाव खरं ठेवावं. 'दहावीच्या अमुक आळीतल्या मुलांची गाणी' म्हणावं. त्याला कोण हरकत घेईल? 'आमचा काळ' म्हणायचं असेल तर मात्र काळाने जे कानात घातलं त्या सगळ्याचा हिशेब द्यावा लागेल, आणि तो हिशेब नाचता येण्याजोगा नसेल.

आमच्या भागात तर हा हिशेब आणखीच अवघड आहे. १९९३ हे वर्ष हिंदी गाण्यांच्या यादीत 'खलनायक'चं असतं. ऑगस्टमध्ये सिनेमा लागला आणि त्यातल्या एका गाण्यावरून देशभर आरडाओरडा झाला. ते गाणं त्या वर्षीच्या गणपतीच्या मांडवांत वाजलं नसेल तरच नवल. त्या गणपतीचं विसर्जन झालं आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. मिरवणुकीतून उशिरा येऊन लोक दगडमातीच्या घरांत गाढ झोपलेले होते. उदगीर तिथून लांब, पण भांडी इथेही पडली आणि पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. माझ्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ त्या भागातल्या एका गावचे. त्या काळातलं एक सिनेमाचं गाणं लागलं की ते उठून बाहेर जातात. इतरांना वाटतं, फोन आला असेल. गाणं अगदी साधं, आनंदी, कशाचीही साक्ष द्यायला न लिहिलेलं. यादीत ते सगळ्यांचं आहे.

आणि १९९७. त्या वर्षाच्या १२ ऑगस्टला मुंबईत गुलशन कुमार यांचा खून झाला. कॅसेटच्या जमान्याचा शेवट म्हणून ती तारीख सगळ्यांना आठवते. त्याच्या महिनाभर आधी, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि काही दिवसांत विलास घोगरे या शाहिराने गळफास घेतला. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'मुळे आता घोगरेंचं नाव थोडं पोचलं आहे. एकाने लाखो कॅसेटी विकल्या, दुसरा वस्त्यांत उभा राहून गायला. दोघंही त्या दशकाच्या संगीतातलीच माणसं.

आमच्या गावात २०२२च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही झालं. दोन मांडव, दोन ध्वनिक्षेपक, एकच गाव. बरेच लोक एकाच मांडवात गेले आणि गावात संमेलन झालं असं म्हणाले.

गेल्या दिवाळीत मी कॅसेट भरून देणाऱ्या त्या जुन्या दुकानात गेलो होतो. आता तिथे मोबाइलचे कव्हर आणि चार्जर मिळतात. डबल डेक अजून माळ्यावर आहे, पट्टे गेलेत. मालकांना विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त काय भरून जायचं? ते हसले. "आमच्याकडं सगळेच येत होते सर. मार्चमध्ये भीमगीतं, आषाढात अभंग, उरुसाच्या आधी कव्वाली, लग्नसराईत 'आशिकी'. एकाच मशीनवर." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमच्या आळीतली दोन-तीन पोरं वामनदादांची भरून न्यायची. चिठ्ठीवर नाव लिहायची नाहीत, कॅसेटवरबी काहीच लिहू नका म्हणायची." मी विचारलं, त्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत का कुठे? म्हणाले, कॅसेट दिली की चिठ्ठी फाडून टाकत होतो.